कॅसेटच्या काळातली ४६४ गाणी ऑनलाइन आणताना: एका लहान संगीत कंपनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

१९८३ ते २००३ या वीस वर्षांत या कंपनीने ५८ अल्बम काढले. त्यांत एकूण ४६४ ध्वनिमुद्रणे: बरीचशी लोकगीते आणि बालगीते, थोडे वाद्यसंगीत आणि कथाकथनाचे चार अल्बम. कंपनी कधीच मोठी नव्हती. मालक स्वतः गायक शोधत, स्टुडिओ भाड्याने घेत, कॅसेटच्या प्रती दुसऱ्याच्या कारखान्यातून काढून घेत.

घरच्या संगणकावर सीडीची प्रत निघू लागली आणि विक्री ढासळली. १९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टर या फाइल-वाटप सेवेने फुकट फाइलची सवय लावली. २००३ मध्ये ॲपलचे आयट्यून्स स्टोअर सुरू झाले आणि सुटे गाणे विकत मिळू लागले. दोन गाजलेल्या गाण्यांच्या जोरावर आठ-दहा गाण्यांची कॅसेट खपवायची, हे गणित तिथेच मोडले. कंपनीने नवे अल्बम काढणे थांबवले, पण कंपनी बंद केली नाही. दरवर्षीची नोंदणी आणि हिशेब चालू ठेवले. पुढे हे फार उपयोगी पडले, कारण हक्क कोणाकडे आहेत या प्रश्नाला निदान एक टोक तरी पक्के राहिले.

मालकांच्या निधनानंतर कारभार त्यांच्या मुलीकडे आला. हाती काय होते? ४१ अल्बमचे मास्टर (ज्यांवरून प्रती काढतात ती मूळ ध्वनिमुद्रणे) पाव इंची रीळ टेपवर होते आणि ११ अल्बमचे डॅटवर (डिजिटल ऑडिओ टेप). ६ अल्बमचे मास्टर गहाळ होते, त्यांच्या विक्रीच्या कॅसेटच तेवढ्या उरल्या होत्या. करारांच्या दोन फायली होत्या, शिवाय पावत्या आणि पत्रे.

अडचण

२०२२ मध्ये एका जुन्या गायिकेच्या नातवाने तिची तीन गाणी यूट्यूबवर टाकली. काही तासांत तिन्हींवर कंटेंट आयडीचा (यूट्यूबची आवाज ओळखणारी यंत्रणा) क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, आला, आणि तोही या कंपनीचा नव्हता. कंपनीने कधी नावही न ऐकलेल्या एका संस्थेचा होता. नातवाने कंपनीला विचारले आणि मग शोध सुरू झाला.

शोधात तीन गोष्टी समोर आल्या. कंपनीची दीडशेहून अधिक गाणी रसिकांनी कॅसेटवरून उतरवून यूट्यूबवर टाकली होती. काही व्यापारी चॅनेलांनी अख्खे अल्बम टाकून जाहिरातींचे उत्पन्न चालू केले होते. तिसरी गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची: ३७ गाणी एका परक्या संस्थेच्या नावाने स्ट्रीमिंग सेवांवर रीतसर प्रसिद्ध झाली होती आणि कंटेंट आयडीतही नोंदलेली होती.

ही ३७ गाणी कोणी सरळसरळ चोरली होती असे नाही. २००६ मध्ये कंपनीने रिंगटोन आणि कॉलर ट्यूनसाठी एका मोबाइल सेवा पुरवठादाराला पाच वर्षांचा परवाना दिला होता. करारात एक कलम होते: मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही, तर करार आपोआप आणखी पाच वर्षे चालेल. नोटीस कोणी दिलीच नाही. करार २०११, २०१६ आणि २०२१ मध्ये आपोआप वाढत गेला. दरम्यान तो पुरवठादार दुसऱ्या संस्थेत विलीन झाला, आणि नव्या संस्थेने ‘मोबाइलवरील ध्वनिसेवा’ या शब्दांत स्ट्रीमिंगही बसवून टाकले.

जुन्या संग्रहांबाबत हा प्रकार वारंवार दिसतो. रिंगटोनचा धंदा काही वर्षांत ओसरला, पण त्या घाईत केलेले करार अजून जिवंत आहेत. ‘चोरी’ म्हणून तक्रार करण्याआधी २००० ते २०१० या काळातला प्रत्येक कागद वाचून काढणे म्हणूनच पहिले काम ठरते. चुकीच्या तक्रारीमुळे आपली बाजूच कमकुवत होते.

पर्याय

पहिला पर्याय संग्रह एकरकमी विकण्याचा होता. खरेदीदार भेटला, पण अशा व्यवहारात किंमत बहुधा वार्षिक निव्वळ उत्पन्नाच्या पटीत ठरते. इथे ऑनलाइन उत्पन्न शून्य होते आणि हक्कांची कागदपत्रे अपुरी होती. म्हणजे सर्वांत कमी किंमत मिळण्याच्या क्षणी विक्री झाली असती.

दुसरा, मोठ्या कंपनीला दहा वर्षांचा संपूर्ण परवाना देणे. आगाऊ रक्कम आणि डिजिटायझेशनचा खर्च समोरची बाजू करणार होती. मसुद्यात दोन गोष्टी खटकल्या: कोणते अल्बम प्रसिद्ध करायचे हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे त्यांचा, आणि परवान्याच्या काळात तयार झालेल्या डिजिटल मास्टरची मालकीही त्यांची. मुदत संपल्यावर कंपनीच्या हाती पुन्हा जुन्या टेपच आल्या असत्या, दहा वर्षांनी अधिक झिजलेल्या.

तिसरा, डिजिटल डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणारी मध्यस्थ संस्था) स्वतः प्रसिद्ध करणे. मालकी हातात राहते, पण खर्च आणि कष्ट स्वतःचे. चौथा, फक्त स्वतःचे यूट्यूब चॅनेल काढणे. तो स्वस्त होता, पण त्याने ३७ गाण्यांचा प्रश्न सुटत नव्हता. कंटेंट आयडीची यंत्रणा साध्या चॅनेलला मिळत नाही. लहान कंपन्यांना ती डिस्ट्रिब्युटरमार्फतच वापरावी लागते.

तिसरा पर्याय निवडला गेला, आणि डिस्ट्रिब्युटर निवडताना टक्केवारीपेक्षा तीन कलमांना महत्त्व दिले: करारातून बाहेर पडण्याची नोटीस किती दिवसांची, बाहेर पडताना आयएसआरसी कोड (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) आपल्याकडेच राहतात का, आणि कंटेंट आयडीत एखादे गाणे न नोंदवण्याची मोकळीक आहे का. तिसरे कलम तेव्हा गौण वाटले होते. पुढे त्याच्याच आधाराने मोठा घोळ निस्तरता आला.

कागद आधी की टेप आधी

इथे पहिला वळणाचा निर्णय होता आणि तो अर्धाच बरोबर घेतला गेला. हाती पैसा येताच १२ अल्बम थेट स्टुडिओत पाठवले. टेप डिजिटल फाइलमध्ये उतरवणे, आवाज स्वच्छ करणे, मास्टरिंग (प्रसिद्धीसाठी आवाजावर शेवटचा हात फिरवणे), सगळे एकदम. त्यातल्या तीन अल्बमच्या हक्कांचा एकही कागद नव्हता हे नंतर कळले. एकूण खर्चात मास्टरिंगचा वाटा मोठा असतो, आणि या तीन अल्बमवरचा तो खर्च अडकून पडला.

टेप उतरवणे आणि मास्टरिंग ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची निकडही वेगळी. टेप थांबत नाही, ती दरवर्षी बिघडते. म्हणून हक्क स्पष्ट असोत वा नसोत, उतरवून सुरक्षित फाइल करून ठेवणे योग्यच. मास्टरिंग मात्र कागद पक्के झाल्यावरच करावे.

बाराव्या अल्बमनंतर काम थांबवून करारांची छाननी झाली. प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी दोन हक्क वेगळे तपासले: ध्वनिमुद्रणाचा आणि रचनेचा, म्हणजे शब्द व चाल यांचा. पहिला बहुधा कंपनीकडे असतो. दुसरा गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांच्या वारसांकडे असू शकतो. लोकगीतांत चाल परंपरेची असली तरी वाद्यमेळाची बांधणी कोणीतरी केलेली असते, आणि तिच्यावर वेगळा हक्क असू शकतो.

गाण्यांचे तीन गठ्ठे झाले. १७१ गाण्यांचे करार स्पष्ट होते: ‘सध्याच्या व भविष्यातील कोणत्याही माध्यमात’. २०४ गाण्यांच्या करारात फक्त ‘कॅसेट व रेकॉर्ड’ असा उल्लेख होता. ८९ गाण्यांचा करारच नव्हता.

मधल्या गठ्ठ्यावर बराच खल झाला. एक मत असे की गायकांनी एकरकमी मानधन घेतले आहे, तेव्हा विषय संपला. पण १९९६ च्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या करारात, ध्वनिमुद्रित सादरीकरण लोकांना हवे तेव्हा, हवे तिथे ऐकण्यासाठी उपलब्ध करून देण्याचा स्वतंत्र हक्क कलाकाराला दिलेला आहे. तो प्रत्येक देशाच्या कायद्यात कसा उतरला यात फरक आहेत. ‘कॅसेट’ या शब्दात स्ट्रीमिंग येते असे गृहीत धरणे म्हणजे, मोबाइल पुरवठादाराने जे केले तेच आपण गायकांशी करणे. हा युक्तिवाद बैठकीत निर्णायक ठरला, आणि तो केवळ कायद्याचा नव्हता.

गायकांचा वाटा

एका पानाचा पूरक करार तयार झाला. त्यात मुद्दाम चारच गोष्टी होत्या: कोणती गाणी, कोणत्या सेवा (स्ट्रीमिंग, डाउनलोड, व्हिडिओ मंचावरील क्लेम), निव्वळ उत्पन्नाचा निम्मा भाग गायक-संगीतकार-गीतकार यांच्यात कसा वाटायचा, आणि वर्षातून दोनदा हिशेबाचे पत्रक. डिस्ट्रिब्युटरचे कमिशन वगळून उरेल ते ‘निव्वळ’. डिजिटायझेशनचा खर्च आधी कापून घ्यायचा का, यावर मतभेद झाले. शेवटी तो कापायचा नाही असे ठरले. कापला असता तर पहिली काही वर्षे पत्रकावर शून्यच दिसले असते आणि कोणी सहीच केली नसती.

मधल्या गठ्ठ्यातल्या २०४ पैकी १६३ गाण्यांच्या सह्या झाल्या. राहिलेल्यांत बहुतेक ठिकाणी वारसांचा पत्ताच लागला नाही. दोन कुटुंबांनी नकार दिला आणि तो तसाच मान्य केला. करार नसलेल्या ८९ पैकी २२ गाण्यांचा निकाल मानधनाच्या पावत्या, स्टुडिओच्या नोंदवह्या आणि जुनी पत्रे यांच्या आधाराने लागला. त्यांतही कलाकारांशी नवा करार केल्यावरच. एकूण ३५६ गाणी प्रसिद्धीयोग्य ठरली, १०८ बाजूला राहिली.

टेपवरचे काम

४१ रिळांपैकी ९ वाजवताच किंचाळू लागली आणि हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकट थर साचला. टेपमधला पॉलियुरेथेनचा बाइंडर (चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ) हवेतला ओलावा शोषून विघटित होतो, त्याचा हा परिणाम. १९७० च्या मध्यापासूनच्या काही टेपांत तो हमखास आढळतो. अशी टेप जबरदस्तीने वाजवली तर चुंबकीय थरच निघून येतो. उपाय म्हणजे नियंत्रित भट्टीत सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सियसला आठ तास किंवा अधिक भाजणे, मग तितकाच वेळ थंड होऊ देणे आणि काही आठवड्यांच्या आत उतरवून घेणे, कारण सुधारणा तात्पुरती असते. स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नये, त्याचे तापमान फार वरखाली होते. ॲसिटेटवरच्या जुन्या टेपा तर भाजायच्याच नसतात. प्रकाशात धरल्यावर गुंडाळीतून उजेड आरपार दिसतो तो ॲसिटेट.

प्रत्येक रिळाआधी हेड आणि गाइड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे आणि हेड डीमॅग्नेटाइझ करणे (साचलेले चुंबकत्व काढणे) हा क्रम ठरला. ॲझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन, प्रत्येक टेपसाठी नव्याने जुळवला. टेपच्या सुरुवातीला चाचणीचे सूर असतील तर त्यांवर, नसतील तर दोन्ही चॅनेल मोनोत मिसळून वरच्या पट्टीतला आवाज सर्वांत उघडा कुठे लागतो ते ऐकून. खोक्यावर टेपचा वेग आणि इक्वलायझेशनचे, म्हणजे खर्ज व वरच्या स्वरांच्या समतोलाचे, मानक (आयईसी की एनएबी) लिहिलेले असेल तर ते प्रमाण मानले. मानक चुकले तर खर्ज आणि वरचे स्वर दोन्ही बिघडतात, आणि पुढे कितीही मास्टरिंग केले तरी तो बिघाड अंदाजानेच दुरुस्त करावा लागतो.

फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, ब्रॉडकास्ट वेव्ह स्वरूपात. स्टीरिओत याला तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. अख्खा संग्रह ९० जीबीच्या आसपास बसला. साठवणीचा खर्च आज नगण्य आहे, तेव्हा इथे काटकसर करून थेट एमपी३ करण्याला काहीही कारण उरत नाही. तीन प्रती ठेवल्या, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

डॅटचे दुखणे वेगळे. तिथे आवाज आधीच आकड्यांत असतो, त्यामुळे डिजिटल तारेने जशाच्या तसा उतरवता येतो. पण सोनीने २००५ मध्ये डॅट यंत्रे बनवणे थांबवले आणि चालू यंत्रे, सुटे भाग दोन्ही दुर्मीळ झाले. ११ पैकी दोन डॅटवर मध्ये मध्ये आवाज तुटत होता. दुसऱ्या यंत्रावर त्यातली एक नीट वाजली. दुसरीवरची ५ गाणी गेली. प्रसिद्धीयोग्य आकडा त्यामुळे ३५१ झाला.

मास्टर हरवलेल्या सहा अल्बमसाठी शक्य तितक्या कॅसेट जमवल्या आणि प्रत्येकीच्या तीन-चार प्रतींतून सर्वांत कमी वाजवलेली निवडली. दोन कॅसेटवर गाण्याची पट्टी वर सरकल्याचे जाणवले. मूळ ध्वनिमुद्रणात शिरलेली विजेची घरघर इथे कामी आली. ती ५० हर्ट्झला (काही देशांत ६०) हवी. मोजली तेव्हा ती थोडी वर होती, त्यावरून वेगाची चूक किती ते नेमके काढता आले.

आवाज स्वच्छ करण्यात सुरुवातीला अति झाले. पहिल्या तीन अल्बममधली टेपची सळसळ इतकी काढली की बासरीची फुंक आणि गायिकेचा श्वासही गेला. ते काम पुन्हा केले. नंतरचा नियम असा: टकटक, घरघर काढायची, सळसळ फक्त गाण्यांमधल्या शांततेत थोडी कमी करायची. मास्टरिंगमध्येही आवाज दाबून मोठा करण्याचे टाळले. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे माप) आणून वाजवतात. जास्त मोठे केलेले गाणे तिथे खालीच ओढले जाते आणि हाती फक्त चेपलेला आवाज उरतो.

नावे आणि कोड

स्ट्रीमिंगवर गाणे सापडते ते त्याच्या माहितीमुळे, आणि या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला. कॅसेटच्या कव्हरवर एका गायकाचे नाव तीन प्रकारे छापलेले होते. ते तसेच भरल्यावर सेवांनी त्याची तीन वेगळी पाने तयार केली. एका गायिकेची आठ गाणी तिच्याच नावाच्या, पण पूर्णपणे वेगळे संगीत करणाऱ्या परदेशी कलाकाराच्या पानावर जाऊन बसली.

नंतर एक तक्ता आधी भरायचा असे ठरले: गाण्याचे नाव (एकाच ठरलेल्या लेखनात), गायक, संगीतकार, गीतकार, वादक, ध्वनिमुद्रणाचे वर्ष, मूळ प्रसिद्धीचे वर्ष, हक्कधारक, पूरक कराराचा क्रमांक आणि कलाकाराचा त्या त्या सेवेवरचा ओळख क्रमांक. शेवटचा रकाना भरून पाठवला तर चुकीच्या पानावर जाण्याचा धोका जवळजवळ संपतो. पान आधीच नसेल तर ‘नवीन पान’ असे स्पष्ट नोंदवावे लागते. रकाना मोकळा सोडला की यंत्रणा स्वतः अंदाज बांधते.

आयएसआरसी हा प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकांचा कोड. त्यातले वर्षाचे दोन अंक कोड दिल्याचे असतात, ध्वनिमुद्रणाचे नव्हे. इथे पहिल्या तक्त्यात गल्लत झाली आणि १९८७ ची गाणी म्हणून ‘८७’ भरले गेले. पाठवण्याआधी ती पकडली गेली. कंपनीने कोड डिस्ट्रिब्युटरकडून न घेता स्वतःची नोंदणी करून घेतली. पुढे डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच कोड आणि तीच फाइल दिली की सेवा बहुधा जुन्या ऐकणुकीचे आकडे नव्या नोंदीला जोडतात.

क्लेम

रसिकांनी टाकलेल्या व्हिडिओंचे काय करायचे हा दुसरा मोठा निर्णय. ते काढून टाकायचे, की राहू देऊन जाहिरातींचे उत्पन्न घ्यायचे? रसिकांचे व्हिडिओ राहू दिले. त्यांखालच्या प्रतिक्रियांतूनच दोन अल्बमच्या अनामिक बासरीवादकाचे नाव कळले आणि ते कागदांवरून पडताळता आले. काढून टाकण्याची तक्रार फक्त अख्खे अल्बम टाकणाऱ्या व्यापारी चॅनेलांविरुद्ध केली.

यूट्यूबने कंटेंट आयडी २००७ मध्ये आणले. यंत्रणा हक्कधारकाने दिलेल्या संदर्भ फाइलचा ठसा घेते आणि जुळणारा आवाज दिसेल तिथे क्लेम लावते. संदर्भ फाइलमधला प्रत्येक आवाज केवळ आपल्याच मालकीचा असला पाहिजे, ही तिची मूळ अट. वाद्यसंगीताच्या एका अल्बममध्ये कीबोर्डातला तयार ताल जसाच्या तसा वापरला होता. तोच ताल जगभर कोणकोणत्या व्हिडिओंत होता, आणि पहिल्याच आठवड्यात डझनावारी अनोळखी, निर्दोष लोकांवर क्लेम गेले. वाद आलेले सगळे क्लेम त्याच दिवशी सोडले आणि अल्बम कंटेंट आयडीतून काढला. स्ट्रीमिंगवर तो राहिला. कराराचे ते तिसरे कलम नसते तर सगळे किंवा काहीच नाही अशी अवस्था झाली असती. उरलेल्या गाण्यांत तयार तालाचे तुकडे ज्यांत आहेत ते भाग संदर्भातून वगळले.

दुसरी ठेच गायकांच्या कुटुंबांनीच टाकलेल्या व्हिडिओंवर लागली. सह्या केलेल्या माणसालाच क्लेम येणे हा विश्वासाला मोठा धक्का असतो. कुटुंबांची चॅनेल आधीच सूट यादीत घालायला हवी होती. नंतर ही यादी पूरक कराराच्या फॉर्ममध्येच विचारली जाऊ लागली.

आता ती ३७ गाणी. आपली फाइल भरून टक्कर द्यायची, असा सल्ला डिस्ट्रिब्युटरकडून मिळाला होता. तो नाकारला. एकाच आवाजाच्या दोन संदर्भ फाइल आल्या की आधी असलेली टिकते आणि नंतर आलेल्याला केवळ आपलाच हक्क असल्याचे सिद्ध करावे लागते. त्या रेट्यात महिने जातात. त्याऐवजी समोरच्या संस्थेला आणि तिच्या डिस्ट्रिब्युटरला एकाच दिवशी पत्र गेले: मूळ करार, त्यातले ‘रिंगटोन व कॉलर ट्यून’ हे व्याख्येचे कलम, आणि गाणीनिहाय यादी आयएसआरसीसह. डिस्ट्रिब्युटरला आपल्या माथी वाद नको असतो. प्रत्यक्षात हललाही तोच. ११ आठवड्यांत २९ गाणी मोकळी झाली. ८ गाण्यांसाठी २००८ ची एक पुरवणी निघाली, तीत ‘सर्व डिजिटल स्वरूपे’ असे शब्द होते. तिथे माघार घेतली.

प्रसिद्धी आणि उत्पन्न

आठवड्याला एक अल्बम अशी गती ठेवली. कथाकथनाच्या अल्बमबाबत प्रश्न पडला: कॅसेटची एक बाजू म्हणजे सलग २२ मिनिटांची कथा. स्ट्रीमिंगवर ३० सेकंद ऐकले की एक प्ले मोजला जातो, मग गाणे दोन मिनिटांचे असो वा बावीस. आजची गाणी आखूड होत चालली आहेत त्यामागे हेही एक कारण मानले जाते. मूळ निवेदनात जिथे संगीताचा विराम होता तिथेच कथा तोडली, एका बाजूचे पाच भाग झाले. मध्ये शांतता न घालता भाग सलग जुळतील अशा बेताने. विराम नसलेली एक कथा अखंड ठेवली, उत्पन्न बुडाले तरी.

पैसे वाटण्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय आकडे समजत नाहीत. बहुतेक सेवा सगळे उत्पन्न एका हौदात जमा करतात आणि एकूण ऐकणुकीतल्या वाट्यानुसार वाटतात. लहान, निष्ठावान श्रोतृवर्ग असलेल्या संगीताला ही पद्धत मुळातच प्रतिकूल आहे. त्यात स्पॉटिफायने २०२४ पासून आणखी एक उंबरठा घातला: आधीच्या १२ महिन्यांत १,००० प्ले नसलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच नाही. पहिल्या वर्षाअखेर ३५१ पैकी ११८ गाणी तो ओलांडू शकली. लोकगीतांचा मोठा, मौल्यवान भाग त्याखाली राहिला, आणि या नियमाने सर्वांत जास्त नुकसान होते ते अशाच संग्रहांचे.

वीस गाण्यांनी एकूण उत्पन्नाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग आणला, त्यांतली तेरा बालगीते. पहिल्या दीड वर्षात यूट्यूबच्या क्लेमचे उत्पन्न सर्व ऑडिओ सेवांच्या बेरजेपेक्षा जास्त होते. ज्या व्हिडिओंना कंपनी सुरुवातीला नुकसान समजत होती, तेच सर्वांत मोठे ग्राहक निघाले. सव्वीस महिन्यांनी खर्चाचा सुमारे चार पंचमांश भाग वसूल झाला. उरलेला एका चित्रपटाने घेतलेल्या एका गाण्याच्या परवान्यातून आला. निर्मात्यांनी विचारणा केल्यापासून चार दिवसांत ध्वनिमुद्रण आणि रचना दोन्हींची लेखी परवानगी देता आली, म्हणूनच ते मिळाले. घाईच्या वेळी निर्माता वारस शोधत बसत नाही, दुसरे गाणे उचलतो.

हिशेबाची पत्रके हे अनपेक्षित ओझे ठरले. ४० हून अधिक कलाकारांत वाटताना काहींचा सहामाहीचा वाटा बँकेच्या शुल्काएवढाच निघाला. किमान रकमेखालचे पैसे पुढे ओढायचे, पण पत्रक प्रत्येकाला पाठवायचेच, असा मार्ग काढला. पैसे येण्याला लागणारा काही महिन्यांचा विलंब पहिल्या पत्रासोबत समजावून सांगितला नव्हता, त्यामुळे फोन फार आले.

काय वेगळे करता आले असते

कागदांची छाननी पहिल्या दिवशी सुरू करून तिच्या बरोबरीने फक्त टेप उतरवणे चालू ठेवले असते, तर तीन अल्बमच्या मास्टरिंगचा खर्च वाचला असता. नावांचा तक्ता पहिल्या अल्बमच्या आधी पक्का हवा होता. नंतरच्या दुरुस्त्या प्रत्येक सेवेवर स्वतंत्रपणे कराव्या लागल्या आणि काही ठिकाणी अजून जुने लेखन दिसते. कंटेंट आयडीत एकदम सगळे न भरता आधी एक अल्बम, मग महिनाभर निरीक्षण, असे करता आले असते. कीबोर्डाचा ताल तेव्हाच सापडला असता.

एक निर्णय मात्र वादाचा आहे. एकरकमी मानधन दिलेल्या गायकांना निम्मा वाटा देण्याची गरज नव्हती, असे काही जाणकारांचे मत आहे. पण त्या १६३ गाण्यांवर आजवर एकही वाद आलेला नाही, आणि चित्रपटाने निवडलेले गाणे त्यांतलेच होते.

बाजूला राहिलेल्या १०८ गाण्यांपैकी टेप चांगल्या असलेली सगळी उतरवून ठेवली आहेत, प्रसिद्ध केलेली नाहीत. पत्ता न लागलेल्या कलाकारांची यादी कंपनीच्या चॅनेलवर लावलेली आहे. वादातल्या ८ गाण्यांची मुदत २०२६ मध्ये संपते. ९० दिवसांची अट असूनही करार न वाढवण्याची नोटीस पोचपावतीसह आधीच पाठवली आहे, समोरच्या संस्थेच्या नोंदणीकृत आणि पत्रव्यवहाराच्या अशा दोन्ही पत्त्यांवर.